समासातली पावलं

ऑफिसात तिला सगळे ठिपकेताई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण असं चिकटलं की पगारपत्रक सोडलं तर खरं नाव लिहायची वेळच येत नसे. काम होतंच तसं. कुठला जीव कुठे दिसला त्याचे ठिपके नकाशावर मांडायचे, प्रत्येक ठिपक्यापाशी ऊन किती, ओल किती, सावली किती, उंची किती ते संगणकाला दाखवायचं, आणि मग विचारायचं, "आता सांग, हा जीव आणखी कुठे राहू शकेल?" संगणक नकाशा रंगवून देतो. लाल म्हणजे राहील, निळं म्हणजे नाही राहणार. ऐकायला सोपं वाटतं, आणि माणूस फसतो तो अशा सोप्या वाटणाऱ्या कामातच.

वय एक्केचाळीस. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आता कुणाची टाप नव्हती. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबाही याच ऑफिसचे. एकतीस वर्षं पाहणीवाले म्हणून रानं तुडवली आणि गुडघे झिजवून घरी बसले. मुलगी त्याच ऑफिसात लागली, पण खुर्चीवर. "मी चालायचो, ही टिचकी मारते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगताना तक्रार करायचे, पण छाती फुगलेली असायची.

तर झालं असं, की डोंगराच्या उत्तर उतारावर दगडाची खाण काढायची ठरली. डोंगरावर एक बेडकी राहते, नखाएवढी. ऑफिसात तिला नखीच म्हणत. जगात दुसरीकडे कुठे ती कुणाला दिसलेली नव्हती. खाणीला परवानगी द्यायच्या आधी नखी नेमकी कुठे राहते ते सांगा, असं समितीने विचारलं आणि काम ठिपकेताईकडे आलं. बाबांच्या जुन्या वह्यांत नखीच्या दोनशे बारा नोंदी होत्या. त्यांवरून तिने तीन महिन्यांपूर्वी नकाशा केला. उत्तर उतार सगळा निळा निघाला. म्हणजे नखी तिथे नाही, खणा खुशाल. काही नोंदी संगणकापासून लपवायच्या आणि त्या त्याला ओळखायला लावायच्या, अशी नकाशाची चाचणी असते. तीत त्याला शंभरातून सत्त्याण्णव पडले. मॅडमनी, म्हणजे तिच्या साहेबीणबाईंनी, सही ठोकली आणि ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

सुनावणी शुक्रवारी अकराला होती. गुरुवारी सकाळी समितीकडून एक चिठ्ठी आली. एकच प्रश्न होता: चाचणी घेताना लपवलेल्या नोंदी कशा निवडल्या होत्या?

ठिपकेताईने चिठ्ठी वाचली आणि उलटी करून टेबलावर ठेवली.

कारण उत्तर तिला माहीत होतं. तिने नोंदी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा कुठूनही उचलून लपवल्या होत्या. पण लपवलेल्या ठिपक्याच्या शेजारीच, हातभर अंतरावर, न लपवलेला ठिपका असेल तर संगणकाला ओळखायचं ते काय राहिलं? पेपरात तोच प्रश्न यावा जो काल गुरुजींनी सोडवून दाखवला, तशातली गत. खरी चाचणी म्हणजे अख्खा एक पट्टाच लपवायचा आणि म्हणायचं, ओळख आता. हे तिला चांगलं ठाऊक होतं. नवीन लोकांना ती हेच शिकवायची! पण त्या आठवड्यात घाई होती, सत्त्याण्णव डोळ्यांसमोर नाचत होते, आणि चांगला आकडा आला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तिने दार लोटून घेतलं. डोंगराचे पाच पट्टे केले, एकेक लपवला, चाचणी पुन्हा लावली. दहा मिनिटांनी आकडा आला. चोपन्न.

चोपन्न म्हणजे काय, तर नखीची एक जागा आणि दुसरी कुठलीही जागा समोर ठेवली, तर शंभरातून चोपन्न वेळा नकाशा बरोबर बोट दाखवतो. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा जमतं.

मग तिने एकेक आलेख उघडला. सावलीचा आलेख आला. सावली वाढत जाईल तशी नखी कमी होत जाते, असं तो सांगत होता. ओल्या कातडीचा जीव, उन्हात पाच मिनिटांत वाळून जाईल, आणि म्हणे तिला ऊन आवडतं! हा आलेख तिने तीन महिन्यांपूर्वी पाहिला होता, हीच तर खरी लाज. तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, की मोकळ्या जागी किडे जास्त असतील. कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन तिने सांगितलं नाही.

शेवटी तिने ठिपके डोंगराच्या हवाई छायाचित्रावर टाकले आणि जवळ जाऊन पाहिलं. दोनशे बाराच्या दोनशे बारा ठिपके माथ्यावरच्या उघड्या कातळांवर होते. एकेका कातळावर दहा-दहा, एकमेकांच्या डोक्यावर. झाडीत एकही नाही.

"अगं आई गं," ती मोठ्याने म्हणाली.

लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य तिला आठवलं. बाबा घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचे, "झाडीत यंत्राला आभाळ दिसत नाही, म्हणून ते गप्प बसतं." तेव्हाची जागा सांगणारी यंत्रं तसलीच होती. दाट झाडीखाली त्यांना काही पकडता येत नसे. मग पाहणीवाला मोकळ्यावर येणार, जागेचा आकडा घेणार आणि तोच वहीत लिहिणार. म्हणजे नखी कुठे राहते हे संगणक शिकलाच नव्हता. तिचे बाबा कुठे उभे राहायचे, ते तो शिकला होता.

ती मॅडमच्या खोलीत गेली तेव्हा मॅडम चष्मा पुसत होत्या. तिने सगळं सांगितलं, आकडा सांगितला. मॅडमनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"माझी सही आहे गं त्यावर."

"माहीत आहे, मॅडम."

"आणि तुझा करार सोमवारी वाढायचाय. तेही माहीत आहे ना?"

मॅडम वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. घाबरलेल्या होत्या. खिडकीबाहेर बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ. नोंदीच चुकीच्या होत्या असं सांगू. जुना माणूस, जुनं यंत्र. निवृत्त झालेल्याचं कोण काय वाकडं करणार? तू सुटलीस, मी सुटले."

"मॅडम, तो जुना माणूस माझा बाप आहे."

"म्हणूनच सांगते. घरातल्या घरात मिटेल."

ती तिरीमिरीत बाहेर पडली. पण खरं सांगायचं तर जिना उतरताना तिच्याही मनात तेच होतं. चूक बाबांचीच नाही का? कातळावरचा आकडा झाडीतल्या बेडकीच्या नावावर खपवायचा म्हणजे काय! एकतीस वर्षं नोकरी केली आणि एवढंही कळलं नाही? राग बापावर होता, भीती नोकरीची होती, आणि दोन्हींची खिचडी होऊन ती घरी पोचली तेव्हा बाबा ताटावर बसत होते.

"बाबा, नखी दिसली की तुम्ही आकडा कुठे घ्यायचात?"

"कातळावर. झाडीत कुठला मिळायला?"

"मग ते वहीत लिहायला काय झालं होतं? उद्या त्या आकड्यावर अख्खा उतार खणून काढतील! आणि लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. आयुष्यात पोरीने इतका आवाज चढवला नव्हता. ते म्हणाले, "लिहिलंय की."

"कुठे लिहिलंय? सगळ्या वह्या मीच भरल्यात संगणकात. सहा महिने तेच करत होते. तारीख, वेळ, आकडा, किती दिसल्या. बास, एवढंच आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा पुटपुटले. भिंतीला धरत उठले, आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. ते वह्यांतली एक, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घेऊन आले आणि उघडून ताटाशेजारी ठेवली. डाव्या समासात, पेन्सिलीने, प्रत्येक नोंदीसमोर एक आकडा होता आणि एक छोटा बाण. ३४०, बाण उत्तरेला. २१५, बाण ईशान्येला. ४१०. २८५.

"कातळापासून नखीपर्यंतची पावलं," बाबा म्हणाले. "छापील वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहायचो. प्रत्येक वेळी मोजून. वाकून वाकून कंबर गेली माझी त्या पावलांनी."

ठिपकेताई खालीच बसली. हे आकडे तिने पाहिले होते. एकदा नाही, दोनशे बारा वेळा पाहिले होते. पण ती वह्या संगणकात भरत होती त्या सुमाराला बाबांची साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज किती पावलं चालता ते मोजून लिहून ठेवा. तिला वाटलं, म्हातारा जुन्या वह्यांच्या समासात साखरेची पावलं लिहितोय. बाण म्हणजे चढ किंवा उतार असेल. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं, तेही त्याच घरात, त्याच ताटावर. पण बापाचं अक्षर मला नाही कळणार तर कुणाला, असा तोरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"बाबा, चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "हे बघ, माझ्यावर ढकल. सांग, म्हाताऱ्याने नीट लिहिलं नाही. मला आता काय फरक पडतो?"

"गप्प बसा हो तुम्ही. आणि जेवा आधी. मग वाचायला घ्या."

दुपारभर बाबा आकडे वाचत होते आणि ती एकेक ठिपका कातळावरून उचलून झाडीत नेत होती. "तुमचं पाऊल किती?" तिने विचारलं. "अडीच फूट," ते लगेच म्हणाले. "भरतीच्या वेळी ऑफिसाने टेप लावून मोजलंय." पण उतारावर, मुळांमधून, पाऊल काही नेमाने पडत नाही. म्हणून तिने प्रत्येक ठिपक्याभोवती शंभर फुटांचं वर्तुळ काढलं. बेडकी या वर्तुळात कुठेतरी, नेमकी कुठे ते माहीत नाही. एकमेकांना चिकटलेले ठिपके गाळले, चाचणीला अख्खे पट्टे लपवले. पाचच्या सुमाराला नकाशा रंगला, आणि उत्तर उतार वरपासून निम्म्यापर्यंत लाल झाला. चाचणीचा आकडा आला एक्क्याऐंशी.

सत्त्याण्णवपेक्षा कमीच. पण हा आकडा तिचा होता, उसना नव्हता.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे ग्लास होते आणि खिडक्या बंद होत्या. एका बाजूला खाणीचा इंजिनियर, कडक इस्त्रीचा शर्ट. टेबलाच्या टोकाला समितीच्या अध्यक्षबाई, पांढरे केस, हातात पेन्सिल. मॅडम ठिपकेताईच्या शेजारी होत्या आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. बाबा मागच्या बाकावर काठी धरून बसले होते. घरी थांबा म्हटलं तर ऐकतील ते बाबा कसले.

ती उभी राहिली. "तीन महिन्यांपूर्वी दिलेला नकाशा चुकीचा आहे. नोंदी बरोबर होत्या. त्या मी भरताना अर्ध्याच भरल्या, आणि चाचणीही सोपी घेतली. चूक माझी आहे." मग तिने वही दाखवली, पावलं सांगितली, वर्तुळ सांगितलं, नवा नकाशा ठेवला.

इंजिनियर हसला. "म्हणजे काल सत्त्याण्णव टक्के खात्रीने नाही म्हणत होतात, आज एक्क्याऐंशी टक्क्यांनी हो म्हणताय. आणि पुरावा काय? तर एका आजोबांची पावलं!"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी मान आणखी खाली घातली.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "डोंगर इथून किती लांब आहे?"

"अर्धा तास," मागून बाबा म्हणाले.

"चला तर मग. वहीतली कुठलीही एक नोंद मी निवडते."

त्यांनी निवडली तीनशे चाळीसची. अकरा वर्षांपूर्वीची.

दुपारी दोनला सगळे त्या कातळावर उभे होते. दिवस ओले होते, बुटांना चिखल होता. बाबांनी बाणाच्या दिशेने काठी रोखली आणि झाडीत उतरायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजत होते. इंजिनियर मागे, त्याच्या मागे अध्यक्षबाई, मग मॅडम. ठिपकेताई बापाच्या दंडाला धरायला गेली तर त्यांनी हात झटकला. "मध्ये येऊ नकोस, मोज चुकेल." शंभर. दोनशे. श्वास वाजत होता. तीनशे.

तीनशे चाळीसला ते थांबले.

तिथे काहीच नव्हतं. नुसता पाचोळा, पाणी न धरणारी मुरमाड माती, झिरपणाऱ्या पाण्याचा पत्ता नाही. बाबांनी काठीने पाचोळा उलटला, इकडे उलटला, तिकडे उलटला. त्यांचा चेहरा पडला. "इथंच होती," ते म्हणाले. "झिरपणं होतं इथं. मी विसरणार नाही."

"अकरा वर्षं झाली, आजोबा," इंजिनियर म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता. तेच जास्त लागलं.

ठिपकेताईला वाटलं, संपलं सगळं. उतार गेला, नोकरी गेली, आणि सर्वांसमोर बापाची शोभा झाली ती वेगळीच. ती बाबांच्या पायांकडे बघत राहिली. बूट तेच जुने, पण गुडघे वाकलेले, पाय फरफटत टेकणारे. बघता बघता तिच्या लक्षात आलं.

"तुमच्याकडे टेप आहे?" तिने इंजिनियरला विचारलं.

टेप होता. पन्नास फुटी. ती बाबांजवळ गेली. "बाबा, एवढी दहा पावलं चाला. फक्त दहा."

ते चालले. तिने टेप लावला. वीस फूट.

तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तेव्हाचं पाऊल अडीच फुटांचं होतं. आताचं दोन फुटांचं आहे. तीनशे चाळीस पावलांत एकशे सत्तर फूट कमी पडले." बाबांनी तिच्याकडे बघितलं. आपलं पाऊल आखूड झालंय हे त्यांना कुणी आजवर सांगितलं नव्हतं. पोरीने सांगितलं, तेही चारचौघांत, आणि ते मान हलवून म्हणाले, "मोज पुढे."

टेपचं एक टोक इंजिनियरने धरलं, दुसरं तिने. पन्नास. शंभर. दीडशे. आणखी वीस. उतार ओलसर होत चालला होता, पण पाचोळ्याखाली हाताला काही लागेना. "शंभर फुटांचं वर्तुळ आहे," ती म्हणाली. "त्यात कुठेही असेल." सगळे पसरले. अध्यक्षबाईसुद्धा वाकून पानं उलटत होत्या. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली.

"हलू नका कुणी," वरून बाबा ओरडले. ते तिथेच, एका खोडाला टेकून उभे होते. "बोलूही नका."

सगळे जागच्या जागी थांबले. रान गप्प झालं. मग डाव्या हाताला, मॅडमच्या पायांपासून चार हातांवर, खडकाला पाणी सुटलं होतं तिथून, टिक्. टिक्. टिक्.

मॅडम खाली बसल्या आणि दोन बोटांनी एक पान उचललं. नखी तिथे होती. नखाएवढी, ओली, गळा फुगवून बसलेली. इंजिनियरने पाहिलं आणि हातातलं टेपचं टोक सोडलं. अध्यक्षबाईंनी घड्याळात वेळ पाहिली आणि म्हणाल्या, उत्तर उताराचं पुन्हा बघावं लागेल, आणि सगळ्या नोंदी चालून तपासाव्या लागतील. सोमवारच्या कराराचं काय, ते त्या दिवशी कुणीच बोललं नाही. मॅडमनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

ठिपकेताई चढ चढून बाबांपाशी आली. ते अजून खोडाला टेकूनच होते, दम लागला होता, डोळे भरले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. तिने वही उघडली, पेन्सिल काढली. हात थांबला.

"लिही," बाबा म्हणाले. "पावलं लिही, पाऊल किती फुटांचं तेही लिही. आणि समासात नको. रकाना आखून घे."